तारणाचा हिशेब तुझ्या हाती कोणी दिला?

तू माझा विद्यार्थी, म्हणून बोलते आहे. आणि चारचौघांत बोलते आहे, कारण तूही चारचौघांतच बोललास. अकोल्याच्या जठारपेठेतल्या त्या घरातून माणूस जाऊन पुरता आठवडाही झाला नव्हता. संध्याकाळची जपमाळ संपली होती, कूलरच्या आवाजात बाया हळू आवाजात बोलत होत्या, चहा फिरत होता. तेवढ्यात तू मांडीवर बायबल उघडलंस आणि नवऱ्याच्या फोटोसमोर बसलेल्या त्या म्हातारीला विचारलंस, “आजी, तुमचं तारण झालंय का?” ती गोंधळली. मग उत्तरही तूच दिलंस. माळ ही मूर्तिपूजा आहे. मरियेला हाक मारणं पाप आहे. तान्हेपणी झालेला स्नानसंस्कार देवाच्या दरबारी धरला जात नाही, तेव्हा पुन्हा पाण्यात उतरायला हवं. गेलेल्या माणसासाठी केलेली प्रार्थना फुकट जाते. आणि एवढ्यावर न थांबता, आजोबा आता कुठे असतील ते आम्ही सांगू शकत नाही, असंही म्हणालास.

ते शेवटचं वाक्य तुझ्या तोंडून निघालं तेव्हा मी खुर्चीवरून उठले, हे तू पाहिलंस. त्या घरात आवाज चढवायचा नव्हता म्हणून गप्प राहिले. आता ऐक.

आधी रीतीचं बोलू, शास्त्राचं मागाहून. वऱ्हाडात दुःखाच्या घरी जायची एक रीत आहे. जावं, टेकावं, पाणी घ्यावं, माणसाच्या चार आठवणी काढाव्यात आणि उठावं. भावकीतलं हाडवैरसुद्धा त्या दिवसांत तोंड मिटून बसतं. शेताच्या बांधावरून कोर्टात गेलेली माणसं मी अशा घरी एका सतरंजीवर बसलेली पाहिली आहेत. ही अक्कल ज्यांना कोणी बायबल शिकवलं नाही त्यांना आहे. तू तर बायबल काखोटीला मारून फिरतोस. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल रडणाऱ्यांबरोबर रडायला सांगतो. तिथे मधे कुठे रडणाऱ्याची उलटतपासणी घ्यायला सांगितलेलं नाही. तो अध्याय तू वाचला नसशील तर तुझं वाचन कच्चं आहे. वाचून असा वागला असशील तर ती गोष्ट त्याहून वाईट.

आता शास्त्र. तुला वचनं हवी असतात ना, अध्याय आणि ओळीसकट? घे.

कोरीव मूर्ती करू नये ही आज्ञा निर्गमच्या विसाव्या अध्यायात आहे. ती तुला तोंडपाठ आहे. त्याच पुस्तकाचा पंचविसावा अध्याय तुला ठाऊक नाही. तिथे तोच देव, त्याच मोशेला, कराराच्या कोशावर सोन्याचे दोन करूब घडवायला सांगतो, त्यांचे पंख कसे पसरलेले असावेत इथपर्यंत. गणनाच्या एकविसाव्या अध्यायात पितळेचा साप खांबावर चढवायला सांगतो आणि त्याकडे पाहणारे जगतात. पाच अध्यायांत देव स्वतःची आज्ञा विसरला काय? आज्ञा ज्या गोष्टीला मना करते ती म्हणजे घडवलेल्या वस्तूला देव मानणं. आणि मी तुझ्यासारखी अर्धं सांगणारी नाही, म्हणून पुढचंही सांगते. पुढे लोक त्याच पितळी सापाला धूप जाळू लागले तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात, अठराव्या अध्यायात आहे. तेव्हा धोका खरा आहे, आणि तो कॅथॉलिकांना ठाऊक नाही असं समजू नकोस. प्रतिमा ठेवाव्यात की फोडाव्यात यावर ख्रिस्ती जगात कित्येक वर्षं रक्त सांडलं आणि ७८७ साली निकेयाच्या दुसऱ्या परिषदेत धर्मसभेने निकाल दिला: आराधना फक्त देवाची, प्रतिमेला मान, आणि तो मानही ज्याची प्रतिमा आहे त्याला पोचतो. बाराशे वर्षांपूर्वी ज्या प्रश्नावर एवढा विचार झाला तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला अशा थाटात तू त्या ओसरीवर बोलत होतास. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच.

माळेकडे ये. ती तू कधी हातात घेऊन पाहिली आहेस? आजीची माळ काळ्या लाकडी मण्यांची आहे. मूळची दोरी तुटली तेव्हा नातवाने नायलॉनच्या दोऱ्यात ओवून दिली, म्हणून दोन मण्यांमधली गाठ जाड झाली आहे. खालच्या क्रूसावरची येशूची आकृती बोटांनी घासून इतकी सपाट झाली आहे की चेहरा ओळखू येत नाही. माळेत पाच दशकं असतात. प्रत्येक दशकाला एकदा प्रभूने स्वतः शिकवलेली प्रार्थना, मग दहा वेळा मरियेला वंदन, शेवटी त्रैक्याचं गौरवगान. मरियेला वंदन करणाऱ्या त्या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग लूकच्या पहिल्या अध्यायातला आहे, देवदूताचं अभिवादन आणि अलीशिबेचे शब्द. दुसऱ्या अर्ध्यात मागणं एकच: आम्हा पाप्यांसाठी आता आणि मरणाच्या घटकेला विनंती कर.

आणि ओठांनी हे चालू असताना मन कुठे असतं? ते येशूच्या आयुष्यातल्या एकेका प्रसंगावर असतं. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्ये, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची. २००२ साली पोप दुसऱ्या जॉन पॉल यांनी गुरुवारसाठी प्रकाशाची पाच वाढवली, त्यात यार्देनेतला बाप्तिस्मा आहे, काना गावचं लग्न आहे, शेवटचं भोजन आहे. आजीला अक्षरओळख नाही. पण गेथशेमानी बागेत शिष्य झोपले होते, फटक्यांनंतर काट्यांचा मुकुट घातला, मग क्रूस वाहायला लावला, हा क्रम ती झोपेत सांगेल. शुभवर्तमान तिच्या बोटांत आहे. तू ज्याला मूर्तिपूजा म्हणालास ते तिचं रोजचं बायबल वाचन आहे, आणि ते तुझ्यासारखं न मिरवता ती तुझ्या जन्माच्या आधीपासून करते आहे.

तुझ्या बोलण्याला तिने काय उत्तर दिलं तेही विसरू नकोस. “मायच्या पाया पडलं तं बाप रागावते काय रे पोरा?” एवढंच म्हणाली आणि माळ पदराखाली घेतली. मरियेवर ग्रंथांनी कपाटं भरली आहेत. मार्टिन लुथरनेही एक लिहिला, १५२१ साली, मरियेच्या गीतावर भाष्य, आणि त्यात तो तिला देवाची माता म्हणतो. ज्याने रोमशी उभा दावा मांडला त्याने हे लिहिलं. लूकच्या त्याच पहिल्या अध्यायात मरिया स्वतः म्हणते की पिढ्यान्‌पिढ्या मला धन्य म्हणतील. मग आजी धन्य म्हणते तेव्हा वचन मोडते की पाळते? तूच सांग.

तू म्हणशील, मध्यस्थ एकच, ख्रिस्त. तीमथ्याच्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय. बरोबर आहे. त्यावर कॅथॉलिकांचा काहीही वाद नाही. पण त्याच अध्यायाच्या सुरुवातीला पौल सगळ्यांसाठी विनवण्या करायला सांगतो, आणि तुझ्या संगतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री अकरा वाजता प्रार्थनेच्या विनंत्या पडतात. कोणाची परीक्षा, कोणाचं ऑपरेशन, कोणाच्या मुलीचं लग्न जमत नाही. ज्यांना तू विनंती करतोस ते तुझ्या आणि देवाच्या मधे उभे राहिले असं तुला वाटत नाही. आजी तीच विनंती येशूच्या आईला करते. ती आई मेली आहे, ऐकत नाही, असं तुझं म्हणणं असेल तर मार्कच्या बाराव्या अध्यायात देव मेलेल्यांचा नव्हे, जिवंतांचा आहे असं प्रभू कोणाला बजावतो ते पाहा. मृतांसाठी प्रार्थनेचा आधार मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात, बाराव्या अध्यायात आहे. तुझ्या बायबलात ते पुस्तक नाही. तुझी पुस्तकं सहासष्ट, आमची त्र्याहत्तर. हा मतभेद खरा आहे, जुना आहे, आणि दोन्हीकडच्या विद्वानांनी त्यावर आयुष्यं घालवली आहेत. तो सोडवायची जागा सुतकातलं घर आणि सोडवणारा तू, हे मात्र मला मान्य नाही.

हे बायबल तुझ्या हातात आलं कसं, हे कधी विचारलंस? नव्या करारात सत्तावीसच पुस्तकं का, अठ्ठावीस का नाहीत, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. ती सत्तावीसची यादी अलेक्झांड्रियाच्या बिशप अथानासियस यांच्या ३६७ सालच्या पत्रात मिळते, आणि ३९७ साली कार्थेजच्या परिषदेत बिशपांनी ती कायम केली. छापखाना येईपर्यंत हजार वर्षं मठांतले साधू ही पुस्तकं हाताने उतरवून काढत होते. तू ज्या अध्यायांचे आकडे फेकतोस ते तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टन नावाच्या कॅथॉलिकाने पाडले. तो पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झाला. नव्या करारातल्या ओळींचे आजचे आकडे १५५१ साली रॉबेअर एस्तिएन या प्रॉटेस्टंट झालेल्या मुद्रकाने घातले. म्हणजे तू एखादं वचन सांगताना अर्धा पत्ता कॅथॉलिकाचा देतोस आणि अर्धा प्रॉटेस्टंटाचा. दोघांचेही उपकार मान.

आणि मराठीत? फादर थॉमस स्टीफन्स यांच्या मराठीचा गौरव करणाऱ्या ओव्या तू माझ्याच वर्गात पाठ केल्या होत्यास. गुण मिळाले आणि माणूस विसरलास. हा इंग्लंडातल्या विल्टशरचा. त्याच्या देशात तेव्हा एलिझाबेथ राणीचं राज्य, आणि कॅथॉलिक असणं हा गुन्हा. मिस्सा ऐकली तर दंड, पाद्री सापडला तर फाशी. ही शिक्षा देणारे तुर्क नव्हते, ख्रिस्तीच होते, त्याच येशूचं नाव घेणारे. स्टीफन्सचा मित्र थॉमस पाउंड याला पकडलं आणि तीसेक वर्षं एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात फिरवलं. एडमंड कँपियन या जेझुइटाला १५८१ साली लंडनमध्ये हालहाल करून मारलं. स्टीफन्स देश सोडून रोमला गेला, जेझुइट झाला, आणि १५७९ साली लिस्बनहून निघून ऑक्टोबरात गोव्याला उतरला. परत गेला नाही. साष्टीच्या खेड्यांत चाळीस वर्षं राहिला, इथली भाषा शिकला, आणि १६१६ साली रायतूरला त्याचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं. अकरा हजारांच्या आसपास ओव्या. सेरामपूरला विल्यम केरींचा मराठी नवा करार निघाला १८११ साली. त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी कोंकणातल्या बाया येशूची जन्मकथा मराठी ओवीत ऐकत होत्या. आपल्या श्रद्धेपायी आपल्याच धर्मबंधूंनी हाकललेल्या एका कॅथॉलिकाने मराठीला हे दिलं. त्याने तिथे बसून इंग्लंडातल्या प्रॉटेस्टंटांना शिव्या देणारा ग्रंथ लिहिला असता तर आज कोणाला त्याची आठवण राहिली असती?

कॅथॉलिक सगळे गरीब गाय होते असं मी सांगत नाही. एलिझाबेथच्या आधी तिची बहीण मेरी गादीवर होती, कॅथॉलिक, आणि तिच्या पाच वर्षांत दोनशे ऐंशीच्या आसपास प्रॉटेस्टंट जिवंत जाळले गेले. स्टीफन्स गोव्यात उतरला तेव्हा तिथे इन्क्विझिशन १५६० पासून बसलेलं होतं आणि ते १८१२ पर्यंत, मधली काही वर्षं सोडली तर, चाललं. हे मी वर्गात शिकवलं आहे आणि कॅथॉलिक असून शिकवलं आहे. दोन्ही घरांच्या उंबऱ्यावर रक्त आहे. म्हणूनच दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायला निघालेल्याने जरा दमानं चालावं.

तुझ्या बाजूची माणसं घे. पंडिता रमाबाईंचं नाव तुझ्या सभांमध्ये मोठ्या आदराने घेतलं जातं. घ्यायलाच हवं. पण त्या नावामागे काय आहे ते ठाऊक आहे? १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि लगेच त्यांच्यावर ख्रिस्ती माणसांनीच नजर ठेवायला सुरुवात केली. त्रैक्य कसं मानतेस, अमुक सूत्र का म्हणत नाहीस, गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं का नकोत. सिस्टर जेराल्डिन यांनी त्यांना मुलीसारखं सांभाळलं होतं, तरी रमाबाईंनी त्यांना पत्रातून स्पष्ट कळवलं की पुरोहितांच्या एका जोखडातून मोठ्या कष्टाने सुटून आलेली मी दुसऱ्या तशाच जोखडाखाली मान द्यायला तयार नाही. माझी सद्सद्‌विवेकबुद्धी माझी आहे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्या कॅथॉलिक नव्हत्या आणि त्यांच्या काही मतांशी माझं जमत नाही. पण श्रद्धा ही ज्याची त्याने देवासमोर उभं राहून सांगायची गोष्ट आहे, शेजाऱ्याने फळ्यावर लिहून द्यायची नव्हे, हे त्यांनी आपल्या सगळ्यांच्या वतीने भांडून मिळवलं. त्यांचं नाव घेऊन तू आजीला जोखड घालायला गेलास!

अकोल्यात प्रॉटेस्टंट अलायन्स मिशनची माणसं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून आहेत. जेनी फुलर या त्यांच्यापैकीच. हिंदुस्थानातल्या बायकांच्या हालअपेष्टांवर त्यांचं इंग्रजी पुस्तक १९०० साली निघालं आणि त्याला प्रस्तावना रमाबाईंची आहे. ती माणसं इथल्या उन्हाळ्यात राहिली, मराठी शिकली, दुष्काळात लोकांच्या उपयोगी पडली. कॅथॉलिक शिकवणुकीबद्दल त्यांचं मत कडकच असणार. पण त्यांच्या धर्मकार्याच्या मुळाशी काम होतं. तुझ्या कामाचा आरंभ आणि शेवट दुसऱ्याच्या घरातल्या वेदीवर बोट दाखवण्यात आहे. गेल्या वर्षभरात तुझ्या संगतीने जठारपेठेत, उमरीत, कोणत्या उपाशी घरी शिधा पोचवला, कोणत्या पोराची फी भरली? केलं असेल तर मला आनंद आहे, आणि तेच सांगत जा. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय त्याच कामासाठी लिहिला आहे.

आता तुमच्याकडे वळते, त्या घरातल्या कॅथॉलिक पोरांनो. हसू नका. तुमचा नंबर वेगळा नाही.

आजीला तो सगळं बोलत असताना तुम्ही दोघं मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. तिसरा बोलला, आणि काय बोलला? की तुमचं चर्च कालचं, पत्र्याच्या शेडमधलं, आमचं दोन हजार वर्षांचं. हे उत्तर झालं? दोन हजार वर्षांचं चर्च ज्याला वारशात मिळालं त्याला त्यातली दोन वचनं धड सांगता येऊ नयेत? तुमचा दृढीकरण संस्कार झाला आहे. त्याआधी धर्मशिक्षणाच्या वर्गात तुम्ही बसला होता. रविवारच्या मिस्सेत सहसा जुन्या करारातला एक पाठ, स्तोत्र, प्रेषितांच्या पत्रातला एक पाठ आणि शुभवर्तमान वाचलं जातं. ते तीन वर्षांच्या चक्रात असं बसवलं आहे की कान उघडे असतील तर चारही शुभवर्तमानांचा मोठा भाग कानावरून जातो. तुमचे कान उघडे नसतात. तुम्ही मागच्या बाकावर, नाहीतर बाहेर मोटरसायकलींपाशी. कॅथॉलिक बायबल वाचत नाहीत, हा त्याचा आरोप धर्मसभेबद्दल खोटा आहे आणि तुमच्याबद्दल शंभर टक्के खरा आहे.

वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी वर्षानुवर्षं खपून ‘सुबोध बायबल’ मराठीत आणलं. त्यासाठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं, आणि २०२४ मध्ये ते गेले. वसईच्या पाण्यासाठी आणि हिरवाईसाठी लढलेला हा पाद्री मराठी माणसाच्या हाती कळेल असं बायबल देऊन गेला. तुमच्या घरी ते असेल तर कुठल्या कपाटावर, कुठल्या लग्नपत्रिकांखाली आहे ते आज काढून पाहा. आजी वाचू शकत नाही, तिला माफ आहे. तुम्ही पदवीधर आहात.

श्रद्धेवर कोणी बोललं तर काय करायचं असतं हे तुम्हाला कोणी शिकवलेलं दिसत नाही. १८६४ साली इंग्लंडात चार्ल्स किंग्जली या अँग्लिकन पाद्री लेखकाने एका मासिकात जॉन हेन्री न्यूमन यांचं नाव घेऊन लिहिलं की रोमच्या पाद्र्यांना सत्याची चाड नसते. न्यूमन तेव्हा साठी ओलांडलेले. एके काळचे नामवंत अँग्लिकन, १८४५ साली कॅथॉलिक झालेले, जुने मित्र दुरावलेले. त्यांनी शिवीला शिवी दिली नाही आणि गप्पही राहिले नाहीत. आपण कसे घडलो, काय वाचलं, कशाने डोळे उघडले, कुठे अडलो, हे सगळं ओळीने लिहून आठवड्या-आठवड्याला छापलं. ते ‘अपोलोजिया’ वाचून कॅथॉलिकांचा तिटकारा करणाऱ्या इंग्रजांनीही या माणसाच्या सचोटीवर शंका घेणं सोडलं. २०१९ साली त्यांना संत घोषित केलं. पहिल्या पेत्राच्या तिसऱ्या अध्यायात हेच आहे: तुमच्या आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने. तुम्ही तयारही नव्हता आणि सौम्यही नव्हता.

मला कोणी विचारलं तर मी काय सांगेन तेही ऐका, दोन्ही बाजूंनी. मी कॅथॉलिक आहे कारण माझ्या आईबापांनी मला तान्हेपणी स्नानसंस्कार दिला, आणि पुढे कळत्या वयात मी त्याला रोज होकार देत आले. माझं तारण माझ्या कर्तबगारीने होत नाही, ते येशूच्या मरणाने आणि पुनरुत्थानाने होतं, आणि माझ्या धर्मसभेची शिकवणूकही तीच आहे. मी पापनिवेदनाला जाते, कारण योहानाच्या विसाव्या अध्यायात पुनरुत्थित प्रभूने पापांची क्षमा करण्याचा अधिकार माणसांच्या हाती दिला. गुडघे टेकून आपलं पाप मोठ्याने उच्चारणं सोपं असतं असं ज्याला वाटतं त्याने एकदा करून पाहावं. मी ख्रिस्तप्रसाद घेते, कारण योहानाच्या सहाव्या अध्यायात हे बोलणं कठीण आहे म्हणून लोक निघून गेले तेव्हा प्रभूने त्यांना परत बोलावून शब्द मवाळ केले नाहीत. मी फादरांना फादर म्हणते आणि मत्तयचा तेविसावा अध्याय मला माहीत आहे. पौल करिंथकरांना मी तुमचा बाप झालो असं लिहितो तेही माहीत आहे. माझ्या घरात, माझ्या आजारपणात, माझ्या माणसांच्या मरणात ही श्रद्धा मला पुरली आहे. ती कोणाच्या परवानगीने मी धरलेली नाही आणि कोणाच्या एका वाक्याने सोडणारही नाही. तुझी श्रद्धा तुला पुरत असेल तर मी देवाचे आभार मानते. ती मी तुझ्याकडून हिसकावायला कधी आले नाही.

मोठी माणसं मोठी कामं करून बसली आहेत, त्याची तरी चाड ठेवा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली बाप्तिस्मा झालेल्या इतर ख्रिस्ती लोकांना प्रभूमधले बंधू म्हटलं. त्रैक्याच्या नावाने, पाण्याने झालेला बाप्तिस्मा कुठल्याही मंडळीचा असो, कॅथॉलिक धर्मसभा तो पुन्हा देत नाही. माणूस नीतिमान कसा ठरतो, श्रद्धेने की कर्माने, या ज्या प्रश्नावरून युरोप फाटला, त्यावर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्गला कॅथॉलिक आणि लुथरन प्रतिनिधींनी एका कागदावर सह्या केल्या. २००६ साली मेथॉडिस्टांनी त्याला संमती दिली. सगळे मतभेद मिटले नाहीत, पण एकमेकांना नरकात धाडण्याची भाषा त्यांनी टाकली. ती तू जठारपेठेत कुठून उचलून आणलीस? महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत ख्रिस्ती शंभरात एकसुद्धा भरले नाहीत, आणि त्यातलेही बरेच मुंबई-वसईकडचे. अकोल्यात आपण मूठभर. दफनभूमीच्या जागेपासून पोरांच्या दाखल्यापर्यंत एकमेकांची गरज पडणारे. बाहेरच्याला अलायन्स कोण, कॅथॉलिक कोण, पेंटेकॉस्टल कोण, यातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. त्याच्यासमोर तू एका विधवेला रडवलंस.

आता काय करायचं ते सांगते.

तू आजीकडे जा. एकटा जा. बरोबर पास्टरांना नेऊ नकोस, बायबल घरी ठेव. आजोबांबद्दल जे बोललास ते चुकलं म्हण, स्पष्ट शब्दांत. ‘तुम्हाला वाईट वाटलं असेल तर’ अशी पळवाट काढू नकोस. माळेचा विषय तिने काढल्याशिवाय काढायचा नाही. महिन्याची मिस्सा आहे त्या दिवशी खुर्च्या लावायला माणसं कमी पडतील, तिथे ये. प्रार्थनेत भाग घ्यायचा नसेल तर घेऊ नकोस, तुझ्या विवेकाला पटत नाही ते तुझ्याकडून करवून घ्यायचा हक्क मलाही नाही. खुर्च्या मात्र लाव.

आणि तुम्ही तिघं, रोज संध्याकाळी आजीपाशी बसायचं. तिला स्वतःला वाचता येत नाही आणि तिला मार्कचं शुभवर्तमान सलग ऐकायचं आहे, हे ती मला कितीदा बोलली आहे. सोळा अध्याय आहेत. एकाने वाचायचं, दोघांनी फोन बाहेर ठेवून ऐकायचं.

हे झालं की चौघंही माझ्याकडे या. निर्गम पंचवीस, गणना एकवीस, योहान सहा आणि याकोबाचं सगळं पत्र वाचून या. मी तोंडी विचारणार आहे.